उपाशी देवी

मला मधुमेह झाल्याचं कळलं तेव्हा मी छत्तीस-सदतीस वर्षांची होते. जळगावला मुलींच्या एका शाळेत शास्त्र आणि गणित शिकवत होते. साठीचं दशक संपत आलं होतं. घरात आम्ही तिघंच, मी, हे आणि सासूबाई. हे नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती आणि मूल नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. त्या काळात मला ते कोणी ना कोणी रोज ऐकवायचंच.

पायावरचं एक गळू महिनाभर बरं होईना म्हणून मी डॉक्टरांकडे गेले होते. गावातले नावाजलेले डॉक्टर, दवाखान्याबाहेर बाकावर नेहमी गर्दी. त्यांच्या कंपाउंडरनं माझी लघवी निळ्या द्रावणात घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि शेवटी विटकरी. हाच प्रयोग मी नववीच्या मुलींना ग्लुकोज घेऊन दाखवत असे. त्यामुळे तो काही बोलायच्या आधीच मला काय ते समजलं.

डॉक्टर म्हणाले, साखर बंद, गूळ बंद, भात, बटाटा, केळी बंद. आमच्याकडे केळी घरात कांद्यासारखी पडलेली असतात, ती बंद. "साखर तुम्हाला विष आहे, विष," असं त्यांनी दोनदा बजावलं आणि एक गोळी लिहून दिली. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. विचारायचं पुष्कळ होतं, पण पडद्याआडून पुढच्या माणसाचा खोकला ऐकू येत होता आणि डॉक्टरांचा हात घंटीवर गेला होता.

त्या गोळीनं माझे हाल सुरू झाले. आधी तोंडाची चव गेली. तांब्याचा पैसा जिभेखाली धरून ठेवल्यासारखं दिवसभर वाटे. मग मळमळ. मिरचीची फोडणी पडली की मी पदर तोंडाला लावून मोरीकडे धावे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी माझी आवडती, तिचा घास तोंडात फिरायचा पण खाली उतरत नसे. आणि जेवण झाल्यावर थोड्याच वेळात पोटात अशी कळ येई की हातातलं काम टाकून पळावं लागे.

पळायचं कुठे हाही प्रश्नच होता. घरामागे टोपलीचा संडास होता, तो आमच्यासह आणखी दोन बिऱ्हाडांत मिळून. शाळेत शिक्षिकांसाठी एकच, त्याला कुलूप, आणि किल्ली शिपायाच्या कमरेला. तास चालू असताना मी खडू टेबलावर ठेवून बाहेर पडे, शिपायाला शोधे, किल्ली मागे. तो आधी घड्याळाकडे बघे, मग माझ्याकडे. परत वर्गात आले की पुढच्या बाकावरच्या मुली माना खाली घालून हसत. एकदा किल्ली मिळेपर्यंत उशीर झाला. त्या दिवशी मी पोट दुखतं म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गल्लीबोळांतून, लोकांच्या नजरा चुकवत घरी आले. त्याबद्दल आणखी काही लिहायची आजही माझी इच्छा नाही.

घरी वेगळंच घडत होतं. मोरीवर ओकाऱ्या काढणारी सून बघून सासूबाईंनी मनाशी काही ठरवलं. त्यांनी मला विचारलं नाही की कोणाला सांगितलं नाही, पण एक दिवस कैऱ्या आणून ठेवल्या. पाण्याची घागर उचलायला गेले तर माझ्या हातातून काढून घेतली. शेजारणीशी बोलताना त्यांचा आवाज हलका झाला होता. मला आजाराचं सांगायचं होतं, आणि मी यांना सांगितलंही होतं. यांनी आईला सांगितलं नाही. म्हणाले, चार दिवस खूश आहे तर राहू दे. शेवटी मीच सांगितलं की हे तसलं काही नाही, हा साखरेचा रोग आहे आणि ओकाऱ्या औषधाच्या आहेत. कैऱ्या सासूबाईंनी शेजारी देऊन टाकल्या. घागर पुन्हा माझ्याकडे आली. शेजारणींपुढे आपलं हसं झालं याचा राग त्यांनी औषधावर काढला नाही, माझ्यावर काढला.

मी डॉक्टरांना पोटाचं सांगितलं. ते म्हणाले, होतं तसं, सवय होईल. लघवी तपासली तर द्रावण अजून पिवळं होत होतं. मग त्यांनी दुसरी गोळी जोडली. ही रोज सकाळी एकच घ्यायची. ही नवी आहे, दिवसभर पुरते, असं म्हणाले. घेतल्यावर वेळेवर जेवलंच पाहिजे, हे ते म्हणाले नाहीत. मी हे खात्रीनं सांगते, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोकत असे.

आता बघा, पहिल्या गोळीमुळे मी खायला घाबरत होते. खाल्लं की पळावं लागे, म्हणून शाळेत जायच्या आधी मी जेवणच सोडलं. नुसता बिनसाखरेचा चहा. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धी भाकरी. आणि दुसरी गोळी रोज सकाळी नेमानं, कारण औषध चुकवू नका असं बजावलेलं. महिन्याभरानं तपासली तर द्रावण निळंच राहिलं, जराही रंग बदलला नाही. डॉक्टरांनी नळी उजेडात धरून मला दाखवली आणि शाबासकी दिली.

त्याच सुमाराला मला दुपारी घाम येऊ लागला. फळ्यावर लिहिता लिहिता हात कापे. एकदा सोप्या वजाबाकीत मी अडकले आणि मुलीच उत्तर सांगू लागल्या तेव्हा त्यांच्यावर ओरडले. मी कधी ओरडत नसे.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भाऊबंदांत कानबाई बसे. आमच्या खानदेशात हा मोठाच सण. नारळाला देवीचा मुखवटा चढवून चौरंगावर बसवतात, रोट करतात, बायका गाणी म्हणतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला पाण्यावर नेतात. रोटाचं पुरण गोड, म्हणून मी रविवारी ते तोंडी लावलं नाही. सोमवारी मिरवणुकीत पोटानं दगा देऊ नये म्हणून बाकीचंही काही खाल्लं नाही. सकाळी उठून दोन्ही गोळ्या घेतल्या आणि बायकांबरोबर निघाले.

मेहरूणचा तलाव तसा लांब नाही, पण मिरवणूक वाटेत थांबत थांबत जाते. ऊन चढलं होतं. डफ वाजत होता, बायका फुगड्या घालत होत्या, त्यांनी मलाही ओढलं. तलावाशी पोचलो तोवर माझे ओठ बधिर झाले होते. पाण्यावरचं ऊन एकाचं दोन दिसत होतं. अंगातून घामाच्या धारा, तरी आतून थंडी. बाजूच्या एका बाईच्या बांगड्या वाजत होत्या आणि त्या फोडून टाकाव्यात इतका मला त्यांचा राग येत होता. मानेवर उकडत होतं म्हणून मी अंबाडा ओढून सोडला असावा. मग मी चिखलातच बसले. अंग डोलत होतं, ते मला थांबवता येत नव्हतं.

पुढचं मला बायकांकडून कळलं ते असं. माझे केस मोकळे, डोळे तारवटलेले, अंग थरथरतंय, हे बघून डफ थांबला. कोणीतरी माझ्या कपाळाला कुंकवाचा मळवट भरला. सासूबाई समोर आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "माय, आमनं काय चुकनं? तुले काय पाहिजे?"

आणि मी म्हणाले, "भूक लागली. मला भूक लागली."

हे माझं मलाही पुसट आठवतं. मला खरोखरच भूक लागली होती. अशी भूक मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. पण त्या बायकांना वाटलं, कानबाई नैवेद्य मागतेय, रोटात काही कमी पडलं. त्यांनी ताटातला प्रसाद माझ्या तोंडात कोंबला, गूळ, खोबरं, फुटाणे, रोटाचा तुकडा. मी हावरटासारखं खाल्लं. थोड्या वेळानं थरथर थांबली, घाम सुकला, मी आजूबाजूला बघितलं. ज्या बाया ओटी भरायच्या वेळी मला बाजूला सारत असत, त्या माझ्या पायांवर डोकं ठेवत होत्या. त्यांत सासूबाईही होत्या.

मी घरी येऊन सांगितलं की मला चक्कर आली, पोटात काही नव्हतं. सासूबाईंनी ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, देवी निघून गेली की झाडाला काही आठवत नसतं. ज्याच्या अंगात येतं त्याला आमच्याकडे झाड म्हणतात. मी यांच्याकडे बघितलं. हे पेपर वाचत होते.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. घाम, थरथर, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी लघवी तपासली. निळी. ते म्हणाले, साखर तर अजिबात नाही, मग आजाराचा काय संबंध? आणि बायकांना या वयात घाम येतोच. लघवीतली साखर संपल्याचं कळतं, पण रक्तात किती उरली ते त्या नळीत दिसत नाही, हे तेव्हा मला सुचलं नाही. त्यांना सुचायला हवं होतं.

मग मंगळवार सुरू झाले. देवीचं अंग आहे तर मंगळवारी निर्जळी नाही तरी निराहार उपास हवा, असं सासूबाईंनी ठरवलं. मी यांना म्हटलं, मला औषध चालू आहे, उपास सोसायचा नाही. हे म्हणाले, "एक दिवस न खाल्ल्यानं काय बिघडतं? नाहीतरी तू खातेस कुठे? आई तुझ्याशी नीट वागायला लागली आहे, ते बघ ना."

ते खोटं नव्हतं. सासूबाई माझं अंथरूण घालू लागल्या होत्या. मला नावानं हाक मारणं त्यांनी बंद केलं, माय म्हणू लागल्या. घागर त्या स्वतः भरत. गल्लीतल्या बारशाला मला कधी बोलावणं येत नसे, आता पहिलं कुंकू मला लावत. मूल नसलेल्या बाईला कोणी विचारत नव्हतं, देवी आलेल्या बाईला रांग लागली. हे सगळं ज्या कारणानं मिळत होतं ते खोटं आहे असं मी म्हणत होते, आणि ते ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

मंगळवारी सकाळी गोळ्या घ्यायच्या, उपाशीपोटी शाळा करायची, आणि दिवेलागणीला पाटावर बसायचं. समोर कापूर, ऊद, बायकांची गर्दी. बसल्यावर काही वेळातच माझे हात कापू लागत. बायका म्हणत, आली. त्या प्रश्न विचारत, मुलाला नोकरी कधी, हरवलेली म्हैस कुठे. मी काहीबाही बरळे. सासूबाई त्याचा अर्थ लावून सांगत. मग माझ्या तोंडात केळं आणि साखर घालत आणि मी शुद्धीवर येई. आठवड्यात साखर मला तेवढीच. बाकी सहा दिवस माझ्या घरात साखरेच्या डब्याला हात लावला तर हे म्हणत, डॉक्टरांनी काय सांगितलंय?

शाळेत बातमी पोचायला वेळ लागला नाही. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. त्या शिकलेल्या, शिस्तीच्या बाई. शास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेनं अंगात आणावं हे शाळेला शोभत नाही, असं त्या म्हणाल्या. मी माझ्या आजाराचं सांगितलं, गोळ्यांची नावं सांगितली. त्यांनी मान डोलावली. पुढच्याच महिन्यात त्यांची बहीण मंगळवारी आमच्या घरी ओटी घेऊन आली आणि मुख्याध्यापिकांच्या बढतीचं विचारून गेली.

त्या बायकांत जामनेरहून आलेली एक तरुण मुलगी होती. लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली, मूल नव्हतं. सासूनं तिला आणलं होतं आणि मानेला धरून माझ्यापुढे वाकवलं होतं. तिनं हळूच विचारलं, "माय, माझी ओटी कधी भरेल?"

त्या दिवशी मी पार गेले नव्हते. ती मला दिसत होती. तिचा चेहरा, तिच्या कपाळावर दाबून लावलेलं मोठं कुंकू, मागे उभी असलेली तिची सासू. मला तिला सांगायचं होतं की मला कशाला विचारतेस. जीभ जड झाली होती. मी एवढंच म्हणू शकले, "माझंच झालं नाही."

मला वाटलं, आता तरी कळेल. पण सासूबाईंनी लगेच सावरून घेतलं. "माय सांगस, तिनं देनं व्हयनं नही," त्या म्हणाल्या. देवीचं देणं राहिलंय. मुलगी रडू लागली. ओटी भरेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असा तिनं तिथल्या तिथे नवस बोलला. माझ्या तोंडात केळं कोंबलेलं होतं, मला बोलता आलं नाही. शुद्धीवर आले तोवर त्या निघून गेल्या होत्या.

हिवाळ्यात धुळ्याहून माझ्या भावाचा निरोप आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, बैठकीला ये म्हणून. दिवस नेमका मंगळवार. सासूबाई म्हणाल्या, जा, पण उपास मोडू नकोस. मला उपासापेक्षा एसटीची धास्ती होती. वाटेत पोट बिघडलं तर गाडी कोण थांबवणार? म्हणून आदल्या दुपारपासूनच मी खाणं बंद केलं. सकाळी गोळ्या घेतल्या आणि गाडीत बसले. पारोळा गेल्याचं आठवतं. त्यानंतर खिडकीचा गज माझ्या हाताला लागेना. मी तो पकडायला जाई आणि हात हवेत राही.

धुळ्याच्या स्टँडवर भाऊ घ्यायला आला होता. मी गाडीतून उतरले, त्याला ओळखलं नाही आणि खाली कोसळले. माझ्याभोवती माणसं जमली. कोणी चप्पल नाकाशी धरली, कोणी कांदा आणा म्हणालं. मळवटाचा डाग माझ्या कपाळावर कायमचा उमटलेला होता, तो बघून एक म्हातारी म्हणाली, हिच्या अंगात आलंय, हात लावू नका. माझा भाऊ तापट माणूस. त्यानं सगळ्यांना हाकललं, टांग्यात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टर होता. भावानं माझी पिशवी उलटी केली, त्यातून गोळ्यांच्या दोन बाटल्या निघाल्या. डॉक्टरनं त्या बघितल्या आणि आणखी काही विचारत बसला नाही. मोठी सिरिंज भरून ग्लुकोज माझ्या शिरेत सोडलं. भाऊ पुढे सांगत असे की सिरिंज संपायच्या आधी मी डोळे उघडले आणि त्याला म्हणाले, तू हा सदरा कधी शिवलास?

पण संध्याकाळी मी पुन्हा गुंगीत गेले. ती दुसरी गोळी अंगात दोन-दोन दिवस रेंगाळते, म्हणून मला ग्लुकोजची बाटली लावून ठेवलं. जरा हुशार झाल्यावर तो डॉक्टर खाटेशी येऊन बसला. मी काय करते ते विचारलं. शास्त्र शिकवते म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला.

"बाई, ही गोळी रक्तातली साखर कमी करते," तो म्हणाला. "तुम्ही ती घेता आणि जेवत नाही. मग साखर संपते. मेंदूला दुसरं काही चालत नाही हो. तो उपाशी मरायला लागतो. त्या वेळी चमचाभर साखर तुम्हाला औषध आहे."

"मला विष आहे म्हणून सांगितलं होतं," मी म्हणाले.

"कोणी?"

मी नाव सांगितलं नाही. काय उपयोग होता? त्यानं पहिली गोळी बंदच केली. पोटाचे हाल तिच्यामुळेच होते, सवय वगैरे काही होणार नव्हती. दुसरी अर्धी केली, आणि ती घासाबरोबर घ्यायची. जेवण नाही तर गोळी नाही. इतकं सोपं होतं. मी सगळा पावसाळा आणि अर्धा हिवाळा ज्यात घालवला ते इतक्या थोडक्यात संपणारं होतं.

हे आणि सासूबाई भेटायला आले. सासूबाईंनी पदरात अंगारा बांधून आणला होता. डॉक्टरनं दोघांना समोर उभं करून सगळं समजावलं. आवाज चढवून समजावलं. हे मान हलवत होते. सासूबाईंनी सलाईनच्या बाटलीकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा मला जवळ घेतील.

त्या म्हणाल्या, "मंग इतला दिन आम्ही कोनाना पाय पडनूत?"

मी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांनी अंगाऱ्याची गाठ सोडलीच नाही, तशीच परत नेली.

मी बरी होऊन जळगावला परतले. सकाळी पोटभर जेवून गोळी घेऊ लागले, आणि थरथर गेली. पहिल्या मंगळवारी बायका आल्या. मी पाटावर बसले नाही. सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि आत येऊन म्हणाल्या, "बठ्ठा गाव इचारी मले, मी काय सांगू?" मी म्हटलं, सगळ्या गावाला खरं सांगा. त्यांनी खरं सांगितलं नाही. देवी रुसून निघून गेली, असं त्यांनी सांगितलं, आणि सुनेनं दवाखान्यात बाटलीतलं काहीबाही अंगात घेतलं म्हणून गेली. काही बायकांनी ते मानलं. काहींनी मी आधीपासून नाटक करत होते असं ठरवलं. माझ्यापुढे डोकं ठेवणारी एक शेजारीण नळावर मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, हिला काय येणार देवी, हिला साधं एक लेकरू आलं नाही.

घागर पुन्हा माझी झाली. अंथरूण माझं मी घालू लागले. वेळेवर जेवायला लागले तर सासूबाई ताटाकडे बघत. सकाळी आठाला कोणी भाकरी खातं का, असं म्हणत. देवीला रोट, केळं, साखर जे लागेल ते देणाऱ्या घरात मला भाकरीसाठी कारण द्यावं लागे.

मी एकदा जुन्या डॉक्टरांकडे गेले. मला भांडायचं नव्हतं. धुळ्याच्या डॉक्टरनं लिहून दिलेला कागद दाखवायचा होता, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "तुम्ही जेवत नव्हता हे मला सांगायला हवं होतं."

"तुम्ही विचारलं नाही," मी म्हणाले.

"प्रत्येकाला जेवलात का विचारत बसलो तर दवाखाना चालेल का?" ते म्हणाले आणि घंटी वाजवली. पहिल्या गोळीबद्दल त्यांनी पुढेही मत बदलल्याचं मी ऐकलं नाही. बाहेरच्या बाकावर ओळखीची एक बाई बसली होती, पोटाला हात लावून. तिला मी थांबून सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तीच बाटली होती.

उन्हाळा लागल्यावर जामनेरची मुलगी आली. एकटीच. एसटीतून उतरून स्टँडपासून चालत आली होती. तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी. टाचांना भेगा पडून त्यात माती भरली होती. मी तिला आत घेतलं, पाण्याचा तांब्या दिला. तिच्या कानावर काहीबाही गेलं होतं. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. गोळी, उपास, साखर. देवी नव्हती गं, मी आजारी होते, असं सांगितलं. तू चपला घाल. माझ्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या.

ती चपलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग माह्या नवसाचं काय, बाई?"

"नवस नाहीच. कोणी ऐकलाच नाही तो."

"मी तर बोलले ना," ती म्हणाली. "सोडला आणि काही उलटं झालं तर सासू मले ठेवेल का?"

तिला मी पिठलं-भाकरी खायला घातली. ती जेवली, माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरलं. ऊन उतरायच्या आत ती निघाली. चपला तिथेच राहिल्या. तिचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

त्याच वर्षी धुळ्याच्या एका शाळेत जागा निघाली. भावानं अर्ज करायला लावला. यांनी अडवलं नाही, मीही येतो असंही म्हणाले नाहीत. जकात नाका सोडून कसा येऊ, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आईला कोण बघणार. मी दोन खोल्या घेऊन धुळ्याला राहू लागले. शाळेची मधली सुट्टी झाली की मी शिक्षकखोलीत सगळ्यांच्या आधी डबा उघडत असे. एका बाईंनी एकदा थट्टेनं विचारलं, इतकी घाई कसली? मी म्हटलं, भूक लागली. त्यावर कोणी काहीही केलं नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

हे महिन्यातून एखाद्या रविवारी येत. जेवत, पेपर वाचत, दुपारच्या गाडीनं परत जात. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच सासूबाई गेल्या. मी तेराव्यापर्यंत जळगावला राहिले. त्यानंतर यांनी मला विचारलं, आता तरी परत येशील का, घरी स्वयंपाकाचे हाल होतात. मी म्हटलं, शाळेचं वर्ष मध्यावर आहे. हे म्हणाले, बरं. वर्ष संपल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. रविवारी मात्र ते येत राहिले, आणि मी दोघांचं जेवण बाराच्या ठोक्याला वाढत राहिले.